पहिलं पाणी झाडाला

हिरानो-सान विसरायला लागल्या आहेत हे उत्तराला पहिल्यांदा कळलं ते सोया सॉसच्या वासावरून. एप्रिलमधल्या एका रविवारची सकाळ, उपासना सुरू व्हायला थोडाच वेळ बाकी, आणि चर्चच्या वेस्ट्रीतल्या, म्हणजे वेदीच्या तयारीच्या खोलीतल्या, तबकात द्राक्षारसाची छोटी काचेची सुरई भरून तयार. रंग तसाच गडद, भरलीही नेहमीसारखी काठापर्यंत. उत्तराने नुसती सरळ करायला म्हणून उचलली आणि नाकात नूडल्सच्या दुकानाचा वास शिरला. तिने मागे पाहिलं. हिरानो-सान पाठमोऱ्या उभ्या राहून मेणबत्तीची वात कातरत होत्या, गुणगुणत. उत्तराने सुरई एप्रनाआड लपवली, बेसिनमध्ये ओतली, दोनतीनदा विसळली, कपाटातला खरा द्राक्षारस भरला आणि होती तिथे ठेवून दिली. कुणाला काही कळलं नाही. आपण मोठं संकट टाळलं असं तिला वाटलं. टाळलं कसलं, पुढे ढकललं.

सांगायचं कुणाला आणि कसं, हाच प्रश्न होता. टोकियोच्या पूर्वेकडच्या जुन्या वस्तीतल्या त्या अँग्लिकन चर्चमध्ये रविवारी जेमतेम चाळीस माणसं जमायची, आणि गट मात्र डझनभर. गाणाऱ्यांचा गट, फुलं लावणाऱ्यांचा गट, आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्यांचा गट, बेघरांसाठी भाताचे गोळे वळणाऱ्यांचा गट, वर्षातून एकदा जुना बाजार भरवणाऱ्यांचा गट, आणि या सगळ्यांच्या सभा कधी घ्यायच्या ते ठरवणारा आणखी एक गट. पगार कुणालाच नाही. पण शिस्त बँकेतल्यासारखी आणि मानापमान लग्नघरातल्यासारखा. त्यात सगळ्यांत मानाचा गट वेदीचा. वेदीवरची कापडं, प्याला, मेणबत्त्या, भाकर, द्राक्षारस, सगळी तयारी या गटाकडे. आणि गेली तीसेक वर्षं या गटाच्या प्रमुख हिरानो-सान.

उत्तरा साळवे मूळची अहमदनगरची. तिकडे ती शाळेत भूगोल शिकवायची, चर्चच्या महिला मंडळाची चिटणीस होती, आणि बाजारात चार पावलं टाकली की कुणीतरी "काय बाई, कशा आहात?" म्हणायचं. नवरा रणजित पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीतून जपानी प्रोजेक्टवर आला आणि त्याच्यामागून ती आणि मुलगी तन्वी टोकियोजवळच्या ग्योतोकुच्या दोन खोल्यांत येऊन पडल्या. तिच्या व्हिसावर शिक्का होता 'अवलंबून'. या एका शब्दाचा तिला असा राग होता की पासपोर्ट ती कपाटात सगळ्यांत खाली ठेवायची. पहिले कित्येक महिने चर्चमध्ये लोक वाकून नमस्कार करायचे, हसायचे, आणि बाकावर शेजारची जागा मोकळी सोडायचे. मग एका रविवारी एक बुटकी, ताठ म्हातारी समोर आली आणि तिने उत्तराच्या हातात घडी घातलेला पांढरा एप्रन ठेवला. खिशावर जपानी अक्षरांत नाव शिवलेलं: सारुबे. साळवेचं जपानी तोंडात तेच व्हायचं. "शनिवारी दोन वाजता," एवढंच म्हणून म्हातारी निघून गेली. येशील का, जमेल का, काही विचारणं नाही. उत्तरा ट्रेनमध्ये तो एप्रन मांडीवर घेऊन बसली आणि रडली. कुणीतरी तिला कामाला लावलं होतं.

हिरानो-सानच्या नवऱ्याची लॉन्ड्री होती. नवरा गेला, दुकान गेलं, मूलबाळ नव्हतं, पण डागांशी असलेलं वैर शिल्लक होतं. ते सगळं त्यांनी चर्चच्या रुमालांवर काढलं. प्रभुभोजनात प्रत्येकाने घोट घेतल्यावर प्याल्याचा काठ ज्या पांढऱ्या रुमालाने पुसतात, त्यावर द्राक्षारसाचे आणि लिपस्टिकचे डाग पडत. ते धुण्याची रीत ठरलेली. रुमालांचं पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही. त्यात प्रभूच्या रक्ताचा अंश असणार, म्हणून ते अंगणातल्या कॅमेलियाच्या झाडाला घालायचं. मग हातमोजे चढवून एका काचेच्या भांड्यात ब्लीच कालवायचं आणि ते टबात ओतून त्यात रुमाल भिजवायचे. त्या भांड्याच्या कानाला हिरानो-सानने निळा दोरा बांधला होता, कारण तसंच दुसरं भांडं सुरईत पाणी भरायला होतं. द्राक्षारसात चमचाभर पाणी मिसळतात, ते या दुसऱ्या सुरईतलं.

"डाग दिसला की त्याच दिवशी," असं त्या पहिल्या शनिवारी म्हणाल्या होत्या. "उद्यावर टाकलास तर तो कापडाचाच होऊन बसतो." उत्तराला तेव्हा जपानी अर्धंमुर्धं यायचं, पण हे नीट समजलं होतं.

सोया सॉसनंतर एक रविवार धड गेला नाही. कधी वेदीवर हिरवं कापड घालायच्या दिवसांत जांभळं. कधी भाकरीचा डबा इस्त्रीच्या टेबलाखाली. एकदा इस्त्रीच चालू, खाली कापड तपकिरी होत आलेलं. उत्तराने स्वतःच रीत पाडून घेतली. शनिवारी सगळ्या गेल्या की 'छत्री विसरले' म्हणून परत यायचं आणि एकेक वस्तू तपासायची. पाऊस नसला तरी ती छत्री घेऊन जायला लागली. मोठ्यांना "तुम्ही चुकलात" असं तोंडावर म्हणायचं नाही हे तर तिला नगरपासूनच अंगवळणी पडलेलं, आणि इथे आल्यावर त्यावर जपानी इस्त्री फिरलेली. पाळक कुबोता-सेन्सेईंना सांगावं, तर ते उद्याच हिरानो-सानकडून वेस्ट्रीची किल्ली काढून घेतील, अगदी गोड बोलून, फुलं देऊन. मग त्या बाईजवळ राहिलं काय? एक खोली, एक टीव्ही आणि नवऱ्याचा फोटो.

"बग दिसला की लॉग करायचा," रणजित जेवताना म्हणाला. "सिंपल आहे. तू रोज पॅच मारत बसलीयेस. प्रॉडक्शनमध्ये फुटलं ना एक दिवस, की शेवटचा हात ज्याचा लागला त्याच्या गळ्यात पडतं. आमच्याकडे हेच होतं."

"हिरानो-सान म्हणजे काय बग आहेत का रे?"

"तसं नाही म्हणत मी. पण अगं, कुणाला काही झालं तर?"

त्यावर उत्तराने त्याच्या ताटात न मागता आमटी वाढली.

नोव्हेंबरात बिशप येणार असं जाहीर झालं आणि सगळे गट घड्याळासारखे चालू झाले. त्या रविवारी तन्वीचं दृढीकरण होतं, मंडळीत पूर्णपणे सामील होण्याचा विधी. तेरा वर्षांची तन्वी जपानी शाळेत जायची, बाहेर आईच्या मराठीला जपानीत उत्तर द्यायची, आणि आईने चारचौघांत तोंड उघडलं की जमिनीकडे बघायची. बिशप तिच्या डोक्यावर हात ठेवणार आणि मग ती आयुष्यात पहिल्यांदा त्या प्याल्यातून घोट घेणार. या चर्चच्या रीतीप्रमाणे त्या दिवशी मंडळीत सगळ्यांच्या आधी तीच.

"मम्मी, प्लीज, उद्या काही एम्बॅरसिंग करू नको," शनिवारी ती म्हणाली.

शनिवारी उत्तरा चर्चला गेली नाही. उपासनेनंतरच्या चहापाण्यासाठी सगळ्या मंडळीला पुरतील इतके बटाटेवडे करण्याचं तिने कबूल केलं होतं, आणि तन्वीच्या पांढऱ्या ड्रेसची बाही अजून लांबच होती. गटातल्या सुमिदा-सानला फोन करून तिने येत नसल्याचं कळवलं. तपासायचं राहिलं. एक दिवसाने काय होतंय, बिशप येणार म्हणजे चार डोळे आणखी असतीलच, असं तिने स्वतःला समजावलं.

रविवारी डबे सांभाळत, ट्रेन बदलत ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. एप्रन घ्यायला म्हणून ती वेस्ट्रीत घुसली. टबावर वाकून तिने पाहिलं, आत रुमाल भिजत पडले होते, लिपस्टिकचे डाग तसेच गुलाबी. तबकाशेजारी निळ्या दोऱ्याचं भांडं पालथं घातलेलं, ओलं. सुरया भरून, पुसून, चकचकीत. सगळं जागच्या जागी. उत्तराला बरं वाटलं.

"मम्मी, हायाकु!" दारातून तन्वीने हाक मारली, लवकर चल. उत्तराने एप्रन पर्समध्ये कोंबला आणि ती निघाली.

उपासना ठरल्याप्रमाणे चालली. बिशपांना सर्दी झाली होती. प्रवचन त्यांनी नाकातच केलं. तन्वी पुढे जाऊन गुडघ्यांवर बसली, बिशपांचे दोन्ही हात तिच्या डोक्यावर टेकले, आणि मागे रणजित कॅमेऱ्यामागे डोळे पुसतोय हे उत्तराने पाहिलं. तन्वी पहिल्या बाकावर परत येऊन बसली. मग सगळे एकमेकांकडे वळून शांती देऊ लागले. जपानी माणसं या वेळी नुसतं वाकतात. पण हिरानो-सान उत्तरापुरता अपवाद करत. नगरच्या रीतीने तिचे दोन्ही हात हातात घेत. आजही घेतले.

"शांती असो," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

त्यांच्या हातांना ब्लीचचा वास येत होता.

हातमोजे विसरल्या, हा पहिला विचार. दुसरा विचार आला तेव्हा पेटीवर गाण्याचा पहिला सूर वाजला होता. टबाला वास नव्हता. ब्लीचच्या पाण्यावर नुसतं वाकलं तरी डोळे चुरचुरतात, आणि सकाळी ती टबावर वाकली होती. डाग तसेच होते. मग ब्लीच गेलं कुठे? निळ्या दोऱ्याचं भांडं ओलं होतं, आणि होतं ते टबापाशी नाही, तबकापाशी.

गाणं चार कडव्यांचं. पहिल्या कडव्यात दोघेजण भाकर आणि द्राक्षारस घेऊन वेदीकडे निघतात. दुसऱ्यात पाळक प्याला मांडतात. तिसऱ्यात द्राक्षारस, मग पाणी. तिने हे सगळं इतक्यांदा पाहिलं होतं की शब्द न कळताही तिला कडवी कळायची. पहिलं संपलं.

नसेल तसं. आपल्याच मनाचे खेळ. आणि साधं पाणी निघालं तर? भर उपासनेत, बिशपांसमोर, एक परदेशी बाई उठून वेदीवर गेली आणि सुरईचा वास घेऊ लागली, असं होईल. हिरानो-सानची अब्रू जाईल, आपली जाईल, तन्वी जन्मात तोंड दाखवणार नाही. शेजारी हिरानो-सान खड्या आवाजात गात होत्या. गाण्याचं पुस्तक त्यांनी उघडलंही नव्हतं; गाणी त्यांना अजून सगळी पाठ होती.

दुसरं कडवं. कुबोता-सेन्सेईंनी प्याल्यावरचं कापड काढलं. पहिल्या बाकावर तन्वीने केस कानामागे सारले. चमचाभर पाणी, पण हिरानो-सान ब्लीच किती घट्ट कालवतात ते तिला माहीत होतं. आणि पहिला घोट कुणाचा, तेही.

ती उठली. हिरानो-सानच्या गुडघ्यांना धक्का लागला, कुणाची तरी छत्री आडवी झाली. मधल्या वाटेने ती आधी चालली आणि मग सरळ पळाली. वेदीच्या कठड्यापलीकडे एप्रनाशिवाय कुणी जात नसे. एप्रन तिच्या पर्समध्ये होता. बिशपांनी पाण्याची सुरई हातात घेतली होती, तिरपी केली होती. "थांबा" हा शब्द तिला ऐन वेळी कुठल्याच भाषेत सापडला नाही. तिने प्याल्यावर हात ठेवला.

पाणी तिच्या हातावर पडलं. काल वडे तळताना जिथे तेल उडालं होतं, तिथे झोंबलं, आणि वास वर आला. पेटी थांबली. चौथ्या कडव्याचे पहिले दोन शब्द एकटी सुमिदा-सान गाऊन गेली आणि मग तीही गप्प झाली.

कुबोता-सेन्सेईंनी सुरई नाकाशी नेली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. बिशप एकदा सुरईकडे, एकदा तिच्या लाल होत चाललेल्या हाताकडे बघत राहिले. कुणी भरली, असं कुणी विचारलं नाही. जपानात असं विचारत नाहीत, नुसते थांबतात. उत्तराने मागे वळून पाहिलं. चाळीस चेहरे, त्यात हिरानो-सानचा, काही न कळलेला, काळजीने तिच्याकडे बघणारा. आणि सात महिन्यांची सवय तोंडात तयारच होती.

"मी भरली," ती म्हणाली. "माझी चूक. सुमिमासेन, माफ करा."

मग हिरानो-सान उठल्या. ताठ चालत पुढे आल्या, बिशपांसमोर कमरेत वाकल्या, मग मंडळीकडे वळून तशाच वाकल्या. "सारुबे-सान माझ्या हाताखाली शिकते," त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "तिची चूक ती माझी चूक. तिच्यावर रागावू नका." आणि परत फिरताना उत्तराच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "रडू नकोस. निळा दोरा बघत जा."

त्यांना आठवतच नव्हतं.

प्याला आणि सुरई धुऊन आल्या, नवा द्राक्षारस आणि पाणी आलं, उपासना पुढे चालली. तन्वीने पहिला घोट घेतला. परत येताना तिने आईकडे पाहिलं नाही.

नंतर हॉलमध्ये सगळ्यांनी वडे खाल्ले, छान झालेत म्हणाले, आणि उत्तरापासून दोन पावलं लांब उभे राहिले. चहाच्या किटलीपाशी सुमिदा-सानने तिला गाठलं. "तू भरली नाहीस, मला माहीत आहे," ती कुजबुजली. "मीसुद्धा शनिवारी संध्याकाळी परत येऊन बघते. काल फुलांत अडकले. वाटलं, कुणीतरी बघेलच." तिच्यामागे गटातली चौथी, कोंदो-सान, मान खाली घालून उभी होती. ती रविवारी सकाळी लवकर यायची म्हणे. आज बिशपांना आणायला स्टेशनवर गेली होती. उत्तरा बघतच राहिली. इतके महिने तिघीजणी तीन वेळांना चोरासारख्या त्या वेस्ट्रीत येऊन तेच ते तपासत होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की हे ओझं आपल्या एकटीवर आहे. कुणीही दुसरीला एक शब्द बोललं नव्हतं.

"तू आज फार चांगलं केलंस," सुमिदा-सान म्हणाली. "हे असंच राहू दे. त्यांना कशाला दुखवायचं?"

उत्तराने मान डोलावली. खरंच डोलावली. तेवढ्यात तन्वी जवळ आली, पांढऱ्या ड्रेसवर वड्याचा तेलकट डाग घेऊन.

"मम्मी, काल रात्रीपर्यंत आपण वडे तळत होतो, आणि आज लेट आलो," ती म्हणाली. पहिल्यांदाच मराठीत, चारचौघांत. "तू नाही भरलं ते पाणी. यू लाइड. चर्चमध्ये."

"अगं, मोठ्यांचं असं..."

"नेक्स्ट संडे कोण हात ठेवणार?"

उत्तराने हातातली किटली खाली ठेवली.

वेस्ट्रीत हिरानो-सान टबाशी उभ्या होत्या. बाह्या वर सारून आजचे रुमाल पहिल्या पाण्यातून काढत होत्या, गुणगुणत. "हाताला काही लावलंस का?" त्यांनी विचारलं.

"हिरानो-सान, मी खोटं बोलले," उत्तरा म्हणाली. जपानीत आडवळणाने बोलायला शंभर वाटा आहेत. तिला त्यातली एकही नीट यायची नाही, आणि त्या क्षणी ते बरंच होतं. "सुरई मी भरली नाही. तुम्ही भरलीत. निळ्या दोऱ्याच्या भांड्यातून. आणि याआधीही झालंय. एप्रिलपासून. द्राक्षारसाच्या जागी सोया सॉस होता. इस्त्री चालू राहिली होती. मी गुपचूप सगळं बदलत आले. आम्ही सगळ्याच."

हिरानो-सानने ओले हात वर आणले आणि नाकाशी धरले. बराच वेळ तसेच धरून ठेवले. त्यांचा ताठा कुठे गेला कळलं नाही. एप्रनमध्ये एक लहानशी म्हातारी उरली. आता त्या रडतील, नाहीतर रागावतील, असं उत्तराला वाटलं. आपण हे काय करून बसलो, असंही वाटलं.

"त्याच दिवशी, असं शिकवलं होतं मी तुला," अखेर त्या म्हणाल्या.

"हो."

"मला घरची गल्ली सापडत नाही कधी कधी. कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानात जाऊन उभी राहते, आठवेपर्यंत. सकाळी गॅस बघायला तीनदा उठते." त्यांनी रुमाल पिळला, पुन्हा पिळला. "आणि इथे सगळं बरोबर निघायचं. दर रविवारी. मग मला वाटायचं, वेदीचं काम तरी अजून येतंय मला. आणि वाटायचं, कुणालाच काही कळलेलं नाही. एवढे महिने मी एकटीच घाबरत होते, सारुबे-सान."

जिला दुखवायचं नाही म्हणून त्या सगळ्या जपत होत्या, तिला त्यांनी तिच्या भीतीपाशी एकटीला सोडून दिलं होतं.

बाहेरून कपबशा गोळा केल्याचा आवाज येत होता. हिरानो-सानने गळ्यातली वेस्ट्रीची किल्ली चाचपली आणि ती आत आहे याची खात्री करून घेतली. "आजच सांगू या कुबोता-सेन्सेईंना," त्या म्हणाल्या. "तू माझ्याबरोबर ये. मधेच विसरले तर तू सांग."

"येते," उत्तरा म्हणाली. "आणि शनिवारी दोनच्या आधी मी तुमच्या घरी येईन. तिथून बरोबर येऊ."

हिरानो-सानने मान डोलावली. मग दोघींनी दोन्हीकडून टब उचलला, अंगणात नेला, आणि पहिलं पाणी झाडाला घातलं.